विषाचा हिशेब झाडाला विचारा

सकाळी फिरायला निघालेली मंडळी कुंपणाकडेच्या सदाफुलीची चार-दोन फुले किंवा पाने तोडून तोंडात टाकतात, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात, कुठल्याही सोसायटीत पाहायला मिळते. साखर आटोक्यात राहते, असे कुणीतरी सांगितलेले असते. सांगणारा जवळचा असतो, त्याचा हेतू चांगला असतो आणि झाड तर दारातलेच. मग त्यात धोका कसला, असा हिशेब असतो. माझा वाद या हिशेबाशी आहे. झाड आपल्यासाठी औषध तयार करत नाही. स्वतःचे पान, साल, बी वाचवण्यासाठी ते रसायने तयार करते आणि त्यांतली बरीचशी दुसऱ्याला मारण्यासाठी असतात. त्या विषाचे औषध व्हायचे तर रसायनशास्त्र लागते, वैद्यक लागते आणि तितकेच, खरे तर आधी, झाडाच्या जगण्याचे ज्ञान लागते. हे तिसरे आपण जवळपास सोडूनच दिले आहे. त्याची किंमत रुग्णही मोजतो आणि जंगलही.

सदाफुलीचेच पाहू. 1952 साली कॅनडातल्या डॉ. क्लार्क नोबल यांना जमैकातल्या एका रुग्णाने टपालाने या झाडाची पाने पाठवली. तिकडे मधुमेहावर पानांचा काढा घेतात, असे त्याने कळवले होते. क्लार्क यांनी ती पाने आपले धाकटे भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे सोपवली. रॉबर्ट वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात संशोधन करत होते. त्यांनी उंदरांना अर्क पाजला, तर रक्तातली साखर जागची हलली नाही. टोचून दिला, तर उंदीर काही दिवसांत जंतुसंसर्गाने मेले. प्रयोग फसला म्हणून वही मिटता आली असती. पण उंदीर नेमके कशाने मेले, हे त्यांनी शोधले. अर्काने अस्थिमज्जेवर घाव घातला होता, पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या होत्या आणि त्यामुळे साध्या जंतूंनीही डाव साधला होता. पांढऱ्या पेशी इतक्या कमी करणारे द्रव्य ल्युकेमियात उपयोगी पडेल, हा विचार तिथून आला. चार्ल्स बीअर यांनी 1958 साली ते द्रव्य वेगळे केले. तेच व्हिनब्लास्टिन. त्याचे भावंड व्हिनक्रिस्टिन 1963 साली अमेरिकेत मंजूर झाले आणि मुलांच्या बहुतेक ल्युकेमियांवर आजही त्याच्याशिवाय उपचार सुरू होत नाहीत.

या द्रव्याची ताकद किती, ते रुग्णालयात कळते. व्हिनक्रिस्टिन फक्त शिरेतून द्यायचे असते. चुकून ते मणक्यातल्या द्रवात गेले, तर रुग्ण बहुधा वाचत नाही, म्हणून तसा इशारा औषधावर ठळक छापलेला असतो. सदाफुलीच्या पानात अशी शंभराहून अधिक अल्कलॉइड असतात. कोणत्या पानात कोणते किती, हे चघळणाऱ्याला कळायला मार्ग नाही. म्हणून सकाळच्या त्या मंडळींना माझे कळकळीचे सांगणे आहे की हे थांबवा. मधुमेहासाठी मोजून-मापून तयार केलेली औषधे आहेत, ती घ्या.

आता हेच झाडाच्या बाजूने पाहू, कारण खरी मौज तिथे आहे. व्हिनब्लास्टिनचा रेणू दोन तुकड्यांच्या जोडातून बनतो. एका तुकड्याचे नाव कॅथॅरँथिन, दुसऱ्याचे व्हिन्डोलिन. कॅनडातल्या ब्रॉक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 साली दाखवून दिले की सदाफुली हे दोन तुकडे एकमेकांपासून लांब ठेवते. कॅथॅरँथिन पानाच्या पृष्ठभागावरच्या मेणात येऊन बसते आणि तिथे बुरशीला व किडीला अटकाव करते. व्हिन्डोलिन पानाच्या आतल्या पेशींत राहते. दोघांची गाठ क्वचितच पडते, म्हणून तयार व्हिनब्लास्टिन पानात अगदीच थोडे असते. 1 ग्रॅम मिळवायला सुमारे 500 किलो वाळलेली पाने लागतात. औषध इतके दुर्मीळ का, याचे उत्तर कारखान्यात सापडत नाही, ते पानाच्या रचनेत आहे.

त्या दोन तुकड्यांपर्यंत पोचायला झाडाला तिसेक पायऱ्या चढाव्या लागतात. पहिल्या काही पायऱ्या शिरांलगतच्या पेशींत, पुढच्या पानाच्या त्वचेत, शेवटच्या खास चीक साठवणाऱ्या पेशींत. प्रत्येक पायरीचे विकर वेगळे. ती विकरे एकेक करून शोधायला जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या पिढ्या गेल्या. इंग्लंडमधल्या जॉन इन्स सेंटरमध्ये सारा ओकॉनर यांच्या गटाने मधली हरवलेली शेवटची विकरे 2018 साली शोधली, म्हणजे बीअर यांनी द्रव्य वेगळे केल्यानंतर 60 वर्षांनी. आणि मग, 2022 साली, तीसहून अधिक विकरांची जनुके यीस्टमध्ये घालून हे दोन्ही तुकडे यीस्टकडून करवून घेता आले. रसायनशाळेत ते जोडले की व्हिनब्लास्टिन तयार. उद्या मुलांच्या कर्करोगाची औषधे टाक्यांमध्ये तयार होऊ लागली, तर त्या यशामागे पानाचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसलेल्या माणसांची अर्धी शतके असतील. त्यांना त्या काळात कुणी विचारले असते की याचा रुग्णाला काय उपयोग, तर सांगण्यासारखे फारसे काही नव्हते.

आपल्या सह्याद्रीतली गोष्ट याहून बोचरी आहे. नरक्या हे घाटमाथ्याच्या सदाहरित जंगलातले लहानखुरे झाड. पावसाळ्यात फुलते तेव्हा फुलांना इतकी घाण येते की त्याच्या जुन्या शास्त्रीय नावातही दुर्गंध आहे. या झाडात कॅम्प्टोथेसिन असते. त्याचा शोध मात्र अमेरिकेत लागला आणि तो लावणाऱ्या दोघांपैकी एक नंदुरबारचा. मनसुखलाल वाणी यांचा जन्म 1925 साली नंदुरबारला झाला, मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत गेले आणि 1962 पासून नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. 1966 साली त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळे करून त्याची रचना मांडली. पाच वर्षांनी, 1971 साली, याच जोडीने पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉलची रचना जाहीर केली. कर्करोगाच्या औषधांच्या दोन मोठ्या घराण्यांची ओळख एकाच प्रयोगशाळेतून पटली. खानदेशातल्या किती शाळांत हे नाव मुलांना सांगितले जाते?

1972 साली मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात, टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी आपल्या नरक्यात तेच कॅम्प्टोथेसिन असल्याचे दाखवले, आणि तेही चिनी झाडापेक्षा जास्त प्रमाणात. सह्याद्रीच्या नशिबाची दिशा त्या शोधाने बदलली. पण लगेच नाही. त्या वेळी हे द्रव्य औषध म्हणून जवळपास बाद झाले होते. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला गेला. त्यात रेणूतले एक कडे उघडते, गुण घटतो आणि त्रास वाढतो. मूत्राशयातून रक्त जाऊ लागले आणि चाचण्या थांबल्या.

पुढची तेरा-चौदा वर्षे ते तसेच पडून राहिले. 1985 साली लेरॉय लिऊ आणि सहकाऱ्यांनी ते पेशीत नेमके काय करते हे शोधले. डीएनएचे दोन धागे पिळलेल्या सुतळीसारखे असतात. त्यांची नक्कल करायची तर पीळ सुटावा लागतो. टोपोआयसोमरेज-1 हे विकर एक धागा कापते, पीळ सोडते आणि धागा पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या कापलेल्या जागी जाऊन बसते आणि धागा जोडू देत नाही. भराभर विभागणाऱ्या कर्करोगाच्या पेशींना ते सर्वांत महागात पडते. हे कळल्यावर विरघळणारी रूपे तयार झाली. टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन अमेरिकेत 1996 साली मंजूर झाली. एक बीजाशयाच्या, दुसरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर. अलीकडे स्तनाच्या कर्करोगात प्रतिपिंडाला जोडून दिले जाणारे डेरक्स्टेकॅनही याच घराण्यातले.

आणि मग नरक्यावर कुऱ्हाड चालली. परदेशातून मागणी आली, कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या डोंगरांत लाकूड तोडून, मुळे खणून, तुकडे पोत्यात भरून जाऊ लागले. चोरटी तोड पकडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या. ज्या गावकऱ्याने किलोला मिळेल त्या भावाने लाकूड विकले, त्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. तोड सुरू झाली तेव्हा या झाडाबद्दल आपल्याला काय माहीत होते? ते किती वर्षांनी फळते, तोडल्यावर फुटवे येतात का, कॅम्प्टोथेसिन कोवळ्या पानात किती आणि खोडात किती, एका झाडात आणि शेजारच्या झाडात फरक का पडतो? यातली बरीच उत्तरे नंतर शोधली गेली आणि झाडागणिक, ठिकाणागणिक प्रमाणात मोठा फरक असतो हेही कळले. म्हणजे जास्त द्रव्य देणारी झाडे निवडून, रोपे करून, बांधावर लावून हा व्यापार शेतीत आणता आला असता. ज्ञान आधी आणि कुऱ्हाड नंतर, हा क्रम उलटा झाला.

हा क्रम सरळ ठेवता येतो, याचा पुरावा टॅक्सॉलच देतो. पॅसिफिक यू हे अतिशय सावकाश वाढणारे झाड. साल सोलली की ते मरते आणि एका मोठ्या झाडाच्या सालीतून जेमतेम एका मात्रेइतके औषध निघते. 1980च्या दशकाअखेरीस अमेरिकेत एकीकडे कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया आणि दुसरीकडे जंगल वाचवणारे, असा पेच उभा राहिला होता. तो सोडवला पानांनी. फ्रान्समध्ये पिएर पोटिए यांनी युरोपीय यूच्या सुईसारख्या पानांत टॅक्सॉलचा अर्धा तयार रेणू भरपूर असल्याचे शोधले. पाने छाटली तरी झाड पुन्हा फुटते. त्या रेणूपासून पुढचा भाग प्रयोगशाळेत जोडता आला. नंतर यूच्या पेशी टाक्यांत वाढवून औषध काढण्याची पद्धतही रुळली. सालीऐवजी पान आणि पानाऐवजी पेशी, ही दोन्ही पावले वनस्पतिशास्त्रातून आली. त्यांनी झाडही वाचवले आणि औषधही स्वस्त केले. इकडे हिमालयातल्या यूची इतकी लूट झाली की 1995 साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आणावे लागले.

कुणी म्हणेल, रसायनशास्त्रज्ञ हे रेणू शून्यातून करू शकतात, मग झाड हवेच कशाला? करू शकतात, आणि केलेही आहेत. कॅम्प्टोथेसिनचे संपूर्ण संश्लेषण 1971 साली झाले, टॅक्सॉलचे 1994 साली. पण दोन्ही औषधांचा व्यवहारातला पुरवठा वनस्पतीवर किंवा वनस्पतीच्या पेशीवरच चालत आला, कारण जे काम आपल्याला कित्येक अवघड पायऱ्यांत आणि भरमसाट खर्चात जमते, ते झाड ऊन-पाण्यावर करते.

दुसरा आक्षेप अधिक मनापासून येतो. आपल्या पूर्वजांना हे सगळे ठाऊक होते, नव्याने शोधायचे काय? परंपरेला मी कमी लेखत नाही. मलेरियावरचे आर्टेमिसिनिन शोधताना चीनच्या तू यूयू यांना सोळाशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथातली पाण्यात भिजवून पिळून काढण्याची नोंद उपयोगी पडली, आणि 2015 साली त्यांना नोबेल मिळाले. पण त्याच शोधात हेही ठरवावे लागले की बाजारात त्या नावाने मिळणाऱ्या झुडपांपैकी नेमकी कोणती जात, तिचा कोणता भाग आणि कोणत्या हंगामातला. आर्टेमिसिनिन पानावरच्या सूक्ष्म ग्रंथींत साठते, देठात जवळजवळ नसते. ग्रंथाने दिशा दिली. मुक्कामाला मात्र वनस्पतीच्या अभ्यासानेच नेले. सदाफुलीबाबत परंपरेने सांगितले एक आणि निघाले दुसरेच. कॅम्प्टोथेसिन आणि टॅक्सॉल तर सरसकट चाळणीत सापडली. परंपरेचा मान राखायचा म्हणजे तिने सांगितलेले तपासून घ्यायचे.

कॅम्प्टोथेसिनच्या अभ्यासातला एक प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि तो औषधासाठी विचारलेलाच नव्हता. टोपोआयसोमरेज-1 झाडाच्या पेशीतही असते. मग स्वतःच्याच विषाने झाड मरत कसे नाही? जपानमधल्या संशोधकांनी 2008 साली उत्तर दिले. कॅम्प्टोथेसिन तयार करणाऱ्या वनस्पतींत त्या विकराची रचना किंचित बदललेली असते. ठरावीक जागच्या अॅस्परॅजिन या अमिनो आम्लाऐवजी तिथे सेरिन असते आणि त्यामुळे विष तिथे बसू शकत नाही. गंमत पुढेच आहे. मानवी ल्युकेमियाच्या ज्या पेशी या औषधाला दाद देईनाशा झाल्या होत्या, त्यांच्यातही नेमक्या त्याच जागी नेमका तोच बदल आधीच सापडलेला होता. विषापासून वाचण्याची जी वाट झाडाने उत्क्रांतीच्या लाखो वर्षांत शोधली, तीच रुग्णाच्या शरीरातल्या गाठीची पेशी थोड्या काळात शोधू शकते. म्हणजे औषध पुढे कुठे निकामी होईल, याची सूचना झाडात आधीपासून लिहिलेली असते. ज्या डॉक्टरला झाड हे केवळ कच्चा माल वाटते, त्याला ती कधीच वाचता येणार नाही.

उपयोगाचा विचार न करता वनस्पतीला विचारलेल्या प्रश्नांनी वैद्यकाला असे वारंवार हात दिला आहे. विषाणू ही कल्पनाच तंबाखूच्या रोगट पानातून आली, 1890च्या दशकात. 1990 साली अमेरिकेत पेटुनियाची जांभळी फुले आणखी गडद करायला रंगाचे जादा जनुक घातले, तर काही फुले चक्क पांढरी निघाली. पेशी जनुकाचा आवाज बंद करू शकते, याचा तो पहिला ठळक धागा. पुढे हेच कोडे उलगडणाऱ्या कृमींवरच्या कामाला 2006 साली नोबेल मिळाले, आणि 2018 साली त्याच तत्त्वावरचे पहिले औषध बाजारात आले. कोलेस्टेरॉलसाठी सहा महिन्यांतून एकदा टोचायचे इन्क्लिसिरान त्याच वाटेवरचे.

आपल्याकडे मात्र ही दोन शास्त्रे शाळेतच एकमेकांपासून तोडली जातात. नीटच्या 180 प्रश्नांपैकी 90 जीवशास्त्राचे आणि त्यांतले जवळपास निम्मे वनस्पतिशास्त्राचे. लाखो मुले दोन वर्षे वनस्पतिशास्त्र पाठ करतात. ज्याला वैद्यकीयला जागा मिळते, तो त्या पुस्तकाला पुन्हा हात लावत नाही. ज्याला मिळत नाही, त्यातला एखादा बीएस्सीला वनस्पतिशास्त्र घेतो, आणि घरचे त्याच्याकडे मागे राहिल्यासारखे पाहतात. हे मला फार चुकीचे वाटते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 1990 साली परीक्षानळीतल्या बांबूला काही महिन्यांत फुले आणि बिया आणल्या गेल्या. एरवी बांबू फुलायला दशके लागतात. हे काम ‘नेचर’मध्ये छापून आले. ऊतीसंवर्धनाची एवढी जाण जिथे होती, तिथून दोन-तीनशे किलोमीटरवर नरक्या तुटत होता.

या तुटलेपणाचा फटका ताजा आहे. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. 2021 साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगितले आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी, असेही म्हटले. पुढे इतर शहरांतूनही असे रुग्ण नोंदले गेले आणि वाद दोन वैद्यकपद्धतींचा असल्यासारखा पेटला. पण त्याचा पहिला प्रश्न वैद्यकाचा नव्हताच. वेल कोणती? खोडावर पुटकुळ्या किती, पान कसे, फुलाची मांडणी कशी, आणि कुठल्या झाडावर चढलेली? हे सांगायला वेली ओळखणारा माणूस लागतो. 1990च्या दशकात ब्रुसेल्समध्ये वजन घटवणाऱ्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी चुकून अॅरिस्टोलोकिया गेली आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. कित्येकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. तिथेही चूक ओळखीतच होती.

महाराष्ट्रात अशी ओळख पटवणारी ठिकाणे आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्समधला ब्लॅटर हर्बेरियम 1906 पासून आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे केंद्र आहे, आघारकर संस्था आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या जुन्या महाविद्यालयांत वाळवलेल्या नमुन्यांची कपाटे आहेत. त्यांतली कित्येक कपाटे उघडणारा माणूस निवृत्त झाला की ती जागा भरली जात नाही. ती जागा भरा, हे माझे पहिले मागणे. दुसरे असे की प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने जवळच्या वनस्पतिशास्त्र विभागाशी रीतसर करार करावा. काढा पिऊन कावीळ झालेला रुग्ण दाखल झाला की नातेवाइकांनी पिशवीतून आणलेल्या काड्या, पाने, चूर्ण फेकून न देता त्याच दिवशी तिकडे जावे, ओळख पटवून लेखी उत्तर यावे, नमुना दाबून, वाळवून, रुग्णाच्या नोंदीच्या क्रमांकासह कपाटात जावा. त्याला यंत्र लागत नाही, मोठा निधी लागत नाही. वर्तमानपत्राचे कागद, दाबायची चौकट आणि वेली ओळखणारा एक पगारी माणूस एवढेच लागते.